चूक त्याची, हाडं आपली

जानेवारी उजाडला की रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम आलाच म्हणून समजा. पूर्वी सप्ताह असायचा, 2021 साली त्याचा पहिल्यांदा महिना झाला. कार्यक्रम ठरलेला असतो. सभागृहात बॅनर, साहेबांचे भाषण, हेल्मेट घालून ग्रुप फोटो आणि मागच्या दोन रांगांत मोबाईल. भाषणाचा सारांश एवढाच की नियम पाळा. पोरं टाळ्या वाजवतात, बाहेर येऊन गाडीला स्टार्टर मारतात आणि चहा प्यायला विंचूरच्या तीनपाटीवर जातात, अर्थात ट्रिपल सीट.

चेष्टा करायचा हेतू नाही, येणारे साहेब पोटतिडकीने बोलतात. पण मला त्या भाषणांत एक गोष्ट नेहमी कमी वाटते. तुम्ही नियम पाळा, हे सांगितले जाते. समोरचा पाळणार नाही तेव्हा तुम्ही काय करायचे, हे कोणी सांगत नाही. आणि आपल्या रस्त्यावरचा रोजचा प्रश्न तर हाच आहे!

याला 'डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग' म्हणतात. सरकारी मराठीत 'बचावात्मक वाहनचालन' असे काहीतरी होईल, पण ते ऐकले की परिपत्रक वाचल्यासारखे वाटते. त्यापेक्षा आपल्या पिढीआधीच्या पोरांना द्रविड माहीत होता तो बरा. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडून द्यायलाही नजर लागते, आणि कोणता चेंडू सोडायचा ते तो हातातून सुटतानाच ठरवावे लागते. अमेरिकेत हॅरॉल्ड स्मिथ नावाच्या गृहस्थाने 1952 साली ट्रक ड्रायव्हरांसाठी अशा शिक्षणाची पद्धत बसवली. लांबवर बघा, नजर फिरती ठेवा, निसटायला जागा ठेवा, आणि आपण समोरच्याला दिसलो की नाही याची खात्री करा, असा तिचा गाभा. 1964 साली तिथल्या नॅशनल सेफ्टी कौन्सिलने याच विषयाचा सार्वजनिक अभ्यासक्रम काढला. म्हणजे कल्पना आपल्या आजोबांच्या काळातली आहे. आपल्याकडे मात्र लायसन्ससाठी अजून आठचा आकडा काढून दाखवला की काम झाले.

आता आपला रस्ता बघा. नाशिकहून निफाडवरून विंचूर, पुढे येवला, वैजापूर आणि छत्रपती संभाजीनगर. विंचूरच्या तीनपाटीवर त्याला लासलगावचा रस्ता येऊन मिळतो. लासलगाव म्हणजे कांद्याचे नाव घेतले की देशभर ज्याचे नाव निघते ते मार्केट, आणि त्याच बाजार समितीचा उपबाजार आपल्या विंचूरमध्ये. शेजारी एम.आय.डी.सी.चे वाईन पार्क. त्यामुळे या एका फाट्यावर लांब पल्ल्याचा कंटेनर, एस.टी., लिलावाला निघालेले ट्रॅक्टर, द्राक्षांचे क्रेट भरलेली पिकअप, उसाच्या डबल ट्रॉल्या, ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या, शाळेची पोरं आणि आपण, असे सगळे एकाच डांबरावर एकत्र येतात. कंटेनरला मुंबई गाठायची घाई, बैलाला कसलीच घाई नाही. हायवे म्हणून बांधलेला रस्ता आहे आणि लोकांच्या लेखी तो मळ्यात जायचा रस्ता आहे. दोघांचेही खरे आहे, म्हणूनच घोळ आहे.

आमचे घर विंचूरच्या शिवारात. घरी ट्रॅक्टर आहे, त्यामुळे हा रस्ता मला मोटरसायकलच्या सीटवरून दिसतो तसाच ट्रॅक्टरच्या सीटवरूनही दिसतो. होस्टेलवरच्या बहुतेकांनी ही दुसरी जागा पाहिलेली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कांद्याने शिगोशीग भरलेली ट्रॉली मागे असली की ट्रॅक्टर चालवणाऱ्याला मागचे काही म्हणजे काही दिसत नाही. आरसा असलाच तर त्यात ट्रॉलीचा फाळका दिसतो. मान वळवली तर कांदे दिसतात. इंजिनाचा आवाज डोक्यात भरलेला असतो, त्यावर डेक लावलेला असतो (ट्रॅक्टरवरची गाणी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे), तेव्हा तुमचा हॉर्न त्याच्यापर्यंत पोहोचला असे समजण्यात अर्थ नाही. आता उजव्या हाताला त्याचे वावर आले. तो काय करतो? बहुतेक वेळा हात दाखवतो. पण हात दाखवतो तो ट्रॅक्टरच्या सीटवरून, आणि मधे ट्रॉली! ट्रॉलीला चिकटून चाललेल्या मोटरसायकलवाल्याला तो हात दिसणे शक्यच नाही. ट्रॉलीला इंडिकेटर असतात कागदावर. वायर कधीतरी तुटते, आणि सीझनमध्ये वायर जोडायला वेळ कोणाला आहे? मग तो वळतो. त्याच क्षणी मागचा पोरगा 'किती हळू चाललाय हा' म्हणून उजवीकडून काढायला बघतो.

चूक कोणाची? कायद्याने ट्रॅक्टरवाल्याची म्हणा. पण ट्रॅक्टरला फार तर एक पोचा येईल. म्हणून मी दोस्तांना एकच सांगतो: ट्रॅक्टर एकाएकी हळू झाला आणि उजवीकडे मळ्याची वाट दिसत असेल, तर तो वळणारच असे धरून चाला. इंडिकेटरची वाट बघू नका. ट्रॅक्टरवाल्याचे डोके तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, हे ग्राफिक्सच्या पेपरइतके सोपे आहे.

तसा इंडिकेटर हाही आपल्याकडे एक चमत्कारच आहे. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळतोय' असा असू शकतो, 'पुढून गाडी येतेय, थांब' असा असू शकतो, किंवा सकाळपासून तो तसाच चालू राहिलेला असू शकतो. डिपरचेही तेच. 'तू जा' म्हणून कोणी लाइट मारत असेल अशा भ्रमात राहू नका, आपल्याकडे लाइट मारणे म्हणजे 'मी येतोय, तू बाजूला हो'. म्हणून खुणेवर भरवसा ठेवण्यापेक्षा गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघावे. चाक वळायला लागले की गाडी वळणार, चाकाला खोटे बोलता येत नाही.

आता जरा गंभीर गोष्ट. 12 जानेवारी 2025, रविवार. राष्ट्रीय युवा दिन, आणि वर रस्ता सुरक्षेचा महिना चालू. आपल्या निफाड तालुक्यात एका धार्मिक कार्यक्रमाला आलेली नाशिकच्या सिडको भागातली मंडळी संध्याकाळी टेम्पोने परत निघाली होती, त्यात बरीच तरुण पोरं होती. नाशिकला द्वारकाजवळच्या उड्डाणपुलावर पुढे लोखंडी सळ्या भरलेला ट्रक होता. टेम्पो मागून त्याच्यावर गेला आणि बाहेर आलेल्या सळ्या टेम्पोत घुसल्या. पुढचे वर्णन करत नाही, त्या वेळच्या वर्तमानपत्रांत सगळ्यांनी वाचले आहे.

ट्रकच्या मागे माल बाहेर काढून नेण्याची जी मुभा नियमात होती, ती केंद्र सरकारने 2014 सालीच काढून टाकली आहे. म्हणजे कायदा होता, दहा वर्षांपेक्षा जास्त काळ होता. तरी सळ्या रस्त्यावर होत्या. त्या टेम्पोच्या ड्रायव्हरला मी इथे बसून दोष देणार नाही, त्या क्षणी काय झाले ते त्यालाच माहीत. पण आपण शिकायचे काय? सळ्या कुठवर बाहेर काढायच्या हे आपल्या हातात नाही. त्यांच्यापासून किती मागे राहायचे, एवढीच एक गोष्ट आपल्या हातात आहे.

आणि हे फक्त सळ्यांचे नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा 2022 चा अहवाल पाहिला तर त्या वर्षी देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर गेली, त्यांतली शंभरात 44 दुचाकीवरची. अपघातांच्या प्रकारांत सगळ्यात वरचा प्रकार मागून धडक हाच, पाचातला साधारण एक. समोरासमोरची टक्कर त्याच्या खाली येते. आपण घाबरतो समोरून येणाऱ्या ट्रकला, आणि आदळतो पुढे चाललेल्या ट्रकवर.

आपण इंजिनिअरिंगची पोरं, तेव्हा थोडे गणित करू. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये पाठ केलेले सूत्र आहे, पेपर संपल्यावर कोणी वापरले नाही एवढेच. वेग ताशी 60, म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. पुढे काही दिसले, डोक्यात शिरले, हात ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी 25 मीटर पुढे. कोरड्या चांगल्या डांबरावर घर्षणांक 0.7 धरला तर ब्रेक लागल्यावर आणखी 20 मीटर. एकूण 45. आता ताशी 80 घ्या. विचारात 33 मीटर, ब्रेकमध्ये 36, एकूण जवळजवळ 70. म्हणजे जिथे साठवाला उभा राहिलेला असतो, तिथे ऐंशीवाला अजून ताशी 65 च्या आसपास वेगात असतो. हा आकडा मी दोनदा तपासून पाहिला, कारण पहिल्यांदा माझाही विश्वास बसला नाही. कोणाला शंका असेल त्याने कागद-पेन घेऊन बसावे.

आणि हे कोरड्या डांबराचे. पावसाळ्यात मळ्यातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर चार-चार इंच पसरतो, सीझनला कांद्याची पात आणि टरफले पडलेली असतात. घर्षणांक 0.4 वर आला की साठचे 45 मीटर 60 होतात आणि ऐंशीचे 70 मीटर 95 च्या पुढे जातात.

मीटर मोजत गाडी कोण चालवणार, हा प्रश्न बरोबर आहे. त्याला सोपा उपाय आहे. पुढची गाडी किलोमीटरच्या दगडापाशी किंवा एखाद्या बाभळीपाशी आली की मनात मोजायला लागा, एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. तीन पूर्ण व्हायच्या आत तुम्ही त्या बाभळीला पोचलात तर जवळ आहात, मागे राहा. साठच्या वेगाला तीन सेकंद म्हणजे 50 मीटर, म्हणजे वरचे 45 मीटर त्यात बसतात. पावसात आणि रात्री आणखी एक-दोन वाढवा. एवढी जागा सोडली की कोणीतरी मधे घुसतो, ही तक्रार खरी आहे. घुसू द्यावे. पुन्हा तीन मोजावे.

ब्रेकचेही एक सांगून टाकतो. होस्टेलच्या पार्किंगमधल्या बऱ्याच गाड्या काका-मामांकडून आलेल्या किंवा सेकंडहँड. एप्रिल 2019 पासून विकल्या गेलेल्या 125 सी.सी.वरच्या नव्या गाड्यांना ए.बी.एस. सक्तीचे झाले, त्याआधीच्या गाड्यांना ते बहुधा नाही. त्यात गावाकडे एक समजूत पक्की की पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो. म्हणून पोरं फक्त पायाचा ब्रेक दाबतात. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके होते आणि घसरते. थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या चाकात असते. दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू जोर वाढवत, हे रविवारी सकाळी मोकळ्या ग्राउंडवर शिकायचे. तीनपाटीवर शिकायचे नाही.

रात्रीचे तर बोलायलाच नको. समोरून गाडी आली म्हणून लाइट खाली केला की जेमतेम 40-50 मीटर रस्ता दिसतो. ऐंशीला थांबायला 70 लागतात हे वर आलेच. मधले 20-30 मीटर आपण देवाच्या भरवशावर चालवतो, आणि नेमकी तिथेच बंद पडलेली, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असते. दिवसाचा वेग रात्री चालत नाही. थंडीत आणखी भर. निफाडचा पारा राज्यात कितीदा सगळ्यात खाली असतो हे बातम्यांत ऐकतोच, पण त्या पहाटे धुके किती असते ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. 8 ऑक्टोबर 2022 ला पहाटे याच रस्त्याच्या नाशिककडच्या टोकाला, मिरची चौकात, यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस आणि ट्रक यांची टक्कर होऊन बस पेटली, बारा जण गेले. पहाटे चौक रिकामा दिसतो. चौकात येणाऱ्या प्रत्येकालाच तो रिकामा दिसतो.

संक्रांतीला येवल्याचे पतंग बघायला होस्टेलवरून निम्मी जनता जाते, जरूर जावे, बघण्यासारखेच असते. पण नायलॉन मांजा बंदी असूनही विकला जातो आणि तो दुचाकीवाल्याच्या गळ्याच्या उंचीवर येतो. ते तीन दिवस गळ्याला जाड मफलर आणि वेग तीसचा. नवरात्रात कोटमगावच्या देवीला पायी जाणारे लोक अंधारात रस्त्याच्या कडेने असतात, त्यांच्या अंगावर चमकणारे काही नसते.

गाडीवाल्या सरांना आणि मॅडमना एकच विनंती. नाशिकहून एका कारमध्ये चार-पाच जण येता. पुढचे दोघे पट्टा लावतात, मागचे गप्पा मारतात. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले ती गाडी साधीसुधी नव्हती, मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता.

हे सगळे बोललो की आमच्या रूमवर वाद होतो. एका मित्राचे म्हणणे, "म्हणजे दिवा नसलेली ट्रॉली त्याने चालवायची आणि सांभाळायचे आपण? हे तर चोर सोडून संन्याशाला फाशी." त्याचा राग मला पटतो. दिवे नसलेल्या ट्रॉल्या अडवल्या पाहिजेत, तीनपाटीवर पुरेसा उजेड पाहिजे, त्यासाठी ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत भांडले पाहिजे. पण ते भांडण महिनोन् महिने चालणार. आज रात्री साडेआठला लासलगाव स्टेशनवर मित्राला सोडून परत यायचे आहे, त्याचे काय? हक्क बरोबर असल्याचा पंचनाम्यात उपयोग होतो. पंचनामा नंतर होतो.

आणखी एक वाद 'भित्रा' या शब्दावरून होतो. मागे राहिला, साईड दिली, की पोरं भित्रा म्हणतात. पाच-सहा वर्षे या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि मोटरसायकल दोन्ही चालवून माझे मत असे झाले आहे की कट मारायला फारसे काही लागत नाही, आठवीतला पोरगाही मारतो. ओव्हरटेक सोडून ट्रॉलीच्या मागे दोन किलोमीटर शांतपणे चालणे, तेही मागे मैत्रीण बसलेली असताना, याला खरी छाती लागते!

आता थोडे घरातले बोलतो, रेक्टर सरांनी रागावू नये. आपले होस्टेलचे गेट रात्री नऊला बंद होते आणि उशीर झाला की दंड आणि घरी फोन. शिस्त हवी, मान्य. पण साडेआठला विंचूरला असलेला पोरगा पुढच्या अर्ध्या तासात कशी गाडी चालवतो हे कोणी पाहिले आहे का? तो वेगाने येतो तो मस्ती म्हणून नाही, रजिस्टरमध्ये नाव लागू नये म्हणून येतो. पंधरा किलोमीटरला साठने 15 मिनिटे लागतात, ऐंशीने सव्वाअकरा. पावणेचार मिनिटांसाठी आपण त्याला 70 मीटरवाल्या गटात ढकलतो. माझी सूचना अशी, की नऊच्या आत गाडी कडेला उभी करून ज्याने होस्टेलला फोन केला, त्याला अर्धा तास सवलत द्यावी, दंड नाही, घरी फोन नाही. पोरं याचा गैरफायदा घेतील? काही घेतील. ते आजही गेटवरून उडी मारतातच.

दुसरी सूचना एन.एस.एस.साठी. दर वर्षी कॅम्पमध्ये आपण भिंती रंगवतो आणि पथनाट्य करतो. एक वर्ष त्या पैशातून लाल चमकती टेप आणावी. ही टेप स्वतः पेटत नाही, तिच्यावर पडलेला हेडलाइटचा उजेड ती आला तिकडेच परत फेकते, म्हणून बॅटरी नको, वायर नको, सीझनमध्ये तुटायला काही नको. सकाळी लिलावाला विंचूरच्या उपबाजारात ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, शेतकरी तासन् तास बसून असतात, कोणी नाही म्हणणार नाही. फाळका फडक्याने पुसायचा, दोन्ही टोकांना आणि मधे पट्ट्या चिकटवायच्या, ट्रॉलीमागे पाच मिनिटांचे काम. मेकॅनिकलची पोरं जाऊन सुटलेली इंडिकेटरची वायरही जोडू शकतात, तेवढे तर आपल्याला यायला हवे. आणि जमले तर टेप लावून झाल्यावर एकेकाने ट्रॅक्टरच्या सीटवर बसून मागे वळून बघावे.

उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघायला लागेल, त्याच्या आत झाले तर बरे. सुरुवात आमच्या ट्रॉलीपासून करायला हरकत नाही. वडिलांना विचारून ठेवले आहे, रविवारी ती घरीच उभी असते.